पत, कागद आणि छप्पर

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. समाजात माणसाला असलेला मान ही त्याची पत आणि पैसे उसने मागताना त्याच्या शब्दाला मिळणारी किंमत हीही पतच. दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, कारण एके काळी ते फारसे वेगळे नव्हते. गावातला वाणी उधारी लिहिताना गिऱ्हाइकाचे दस्तऐवज मागत नसे. त्याचे घराणे कोणते, पीकपाणी कसे, मागची देणी त्याने कशी चुकती केली, एवढे पाहून तो वही उघडत असे. शहरात आल्यावर हे दोन अर्थ एकमेकांपासून दुरावले. वस्तीत ज्याच्या शब्दाला मान आहे, त्याला बँकेच्या लेखी काडीचीही पत नसते.

काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका धर्मग्रामात सेवा करीत असताना घरांना रंग देण्याचे काम करणारे एक गृहस्थ कार्यालयात आले. थोरल्या मुलाच्या स्नानसंस्काराचा दाखला त्यांना हवा होता. वस्तीत आपण किती वर्षे राहतो, हे सिद्ध करण्यासाठी धर्मग्रामाच्या नोंदवहीतील तारीख उपयोगी पडेल, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. झोपडीधारकांना असे दाखले मी पुष्कळ दिले आहेत, त्यामुळे त्यात नवल नव्हते. परंतु त्यांना घरासाठी कर्जही हवे होते आणि एका ठिकाणी पगाराचा दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठविले गेले होते. कापडी पिशवीतून त्यांनी रेशनकार्ड, फोटोपास, विजेची बिले असा सारा संसार टेबलावर मांडला आणि म्हणाले, “फादर, बावीस वर्षांत भिशीचा एकही हप्ता चुकला नाही. पण तो बँकेला कुठल्या कागदावर दाखवू?” दाखला लिहून मी त्यांच्या हाती दिला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या नोंदवहीत नव्हते.

मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही गरिबाला घरासाठी पैसा का मिळत नाही, या प्रश्नाचा मुंबईपुरता इतिहास चाळून पाहिला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गरीब फेडणार नाही ही भीती जितकी बोलून दाखविली जाते, तितका तिला अनुभवाचा आधार नाही. खरी अडचण त्याची पत मोजायची कशी ही आहे. ज्या ज्या वेळी ते मोजण्याचे साधन कोणी शोधून काढले, त्या त्या वेळी घरे उभी राहिली.

प्लेग आणि गावदेवी

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रोगाचे निदान केले आणि मुंबईच्या कोंदट वस्त्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले. १८९८ साली मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या आणि काही चाळीही बांधल्या. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या थोड्या, अशी टीका तेव्हाही झाली. घर गेलेला मजूर जवळच्याच दुसऱ्या चाळीत अधिक दाटीने राहू लागला. मोकळ्या केलेल्या जागेचे भूखंड ट्रस्ट भाडेपट्ट्याने देत असे. पण ज्यांच्याजवळ भांडवल, त्यांनीच ते घ्यावेत, हे ओघानेच आले.

याच काळात कारवार-मंगळूरकडून मुंबईला आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजात श्रीपाद सुब्राव तालमकी हे सहकाराच्या ध्यासाने झपाटलेले गृहस्थ काम करीत होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याचा आधार घेऊन त्यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. त्या कायद्याने केवळ पतसंस्था काढता येत. १९१२ च्या कायद्याने अन्य प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी करून दिली आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भारतातील आणि आशियातील ती अशी पहिली संस्था मानली जाते.

या व्यवस्थेचे मर्म साधे होते. एकट्या कारकुनाला इमारतीसाठी कोणी कर्ज देत नाही. परंतु तसे अनेक कारकून एकत्र आले, प्रत्येकाने आपला भाग घेतला आणि एकमेकांच्या देण्याची जबाबदारी पत्करली, तर त्यांची संस्था कर्जाला पात्र ठरते. घर संस्थेच्या नावे राहते. सभासद दरमहा भाड्यासारखी रक्कम भरतो आणि तिच्यातूनच कर्ज फिटते. कोण वेळेवर भरील आणि कोण भरणार नाही, हे सभासदांना बाहेरच्या कोणाही अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. गावातल्या वाण्याची परिचयावर चालणारी पत अशा रीतीने कायद्याच्या चौकटीत आली.

१९१८ साल आणि आपली कुंपणे

आपल्या समाजालाही ही कल्पना लवकर पटली. १९१८ साली वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी वसईत, सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्याला सोडविण्यासाठी एका धर्मगुरूंच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्था निघाली. आजची बॅसिन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. एक संस्था घरांची आणि दुसरी कर्जाची, तरी दोहींच्या मुळाशी एकच विश्वास होता: जो परिचयाचा आहे, त्याची पत आपल्याला कळते.

या इतिहासाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावा. परंतु इतिहास लिहिताना त्याची दुसरी बाजूही लिहावी लागते. परिचयावर उभ्या राहिलेल्या या संस्थांना परिचयाचेच कुंपण पडले. सारस्वतांची संस्था सारस्वतांसाठी, कॅथलिकांची कॅथलिकांसाठी, पारशांची पारशांसाठी, असे मुंबईच्या उपनगरांचे नकाशे घडत गेले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. कायद्याने तो हक्क ठरला असेल. पण ज्याचा समाज लहान, दरिद्री किंवा विखुरलेला, त्याने कोणत्या दारी जावे, हा प्रश्न उरतोच.

दुसरे कुंपण पगाराचे होते. या संस्थांचा सभासद गरीब असला तरी त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येत असे. कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकर यांना ती वाट सापडली. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला ती सापडली नाही.

गिरणगावाची पतपेढी

त्या माणसासाठी सरकारने एक प्रयत्न केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली आणि मोठे कर्ज उभारून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधण्यात आल्या. बीडीडी चाळी म्हणून त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. १६० चौरस फुटांच्या या काँक्रीटच्या खोल्या प्रारंभीची काही वर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या पडून होत्या, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. भाडे मजुराला परवडण्याजोगे नव्हते आणि वरळीसारखी ठिकाणे कामापासून दूर वाटत. घर बांधणाऱ्याने सिमेंटचा हिशेब केला होता, मजुराच्या मिळकतीचा केला नव्हता.

मग मजूर राहत कसा होता? त्याने आपली व्यवस्था आपण केली होती. कोकणातल्या एका गावचे दहा-वीस पुरुष मिळून एक खोली घेत, भाडे वाटून घेत आणि पाळीपाळीने झोपत. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांतील गोमंतकीयांच्या ‘कूड’ याच जातीच्या. गावचा खलाशी किंवा स्वयंपाकी दरमहा थोडी वर्गणी भरी आणि बोटीवरून उतरला की त्याला पथारी टाकायला जागा, पेटी ठेवायला कोपरा आणि सायंप्रार्थनेला वेदी मिळे. अडीअडचणीला भिशी होती. ठराविक माणसांनी दरमहा ठराविक रक्कम काढायची आणि पाळीने एकेकाने उचलायची. तिला ना तारण, ना करारपत्र. या साऱ्यापलीकडची गरज पडली, म्हणजे पठाण, मारवाडी किंवा गिरणीतला जॉबर यांच्यापुढे हात पसरावा लागे आणि मग व्याजातून सुटका नसे.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळात वाढलेल्या भाड्यांपासून भाडेकरूला त्याने संरक्षण दिले. त्या वेळी ते आवश्यक होते. पण भाड्यासाठी चाळी बांधणे पुढे कोणाला परवडेना आणि असलेल्या खोल्यांत शिरण्यासाठी पागडी द्यावी लागू लागली. पागडी म्हणजे एकरकमी भांडवल, आणि तेही पावतीवाचून दिलेले. ज्याच्याजवळ ते नव्हते, तो खाडीच्या काठी, रेल्वेच्या कडेला, टेकडीच्या उतारावर गेला. १९९९ च्या कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली, तोवर अर्धे शतक लोटले होते.

कागदाचे राज्य

स्वातंत्र्यानंतर गृहकर्जाच्या संस्था निघाल्या. १९७० साली केंद्र सरकारने हुडको स्थापन केली. दुर्बल घटकांसाठी कमी व्याजाचा पैसा हा तिचा उद्देश होता. पण तो पैसा मुख्यतः राज्यांची गृहनिर्माण मंडळे आणि तत्सम संस्था यांच्यामार्फत जाई. १९७७ साली हसमुख ठाकोरदास पारेख यांनी एचडीएफसी काढली. जुलै २०२३ मध्ये ती त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली. निवृत्तीच्या वेळीच घर घेता येईल, असे मानणाऱ्या नोकरदाराला तिने तिशी-पस्तिशीत घर मिळवून दिले. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया गहाणखत हा होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या व्यापारी शहरांना एक सवलत दिली होती. मालकीहक्काचे मूळ दस्तऐवज सावकाराच्या स्वाधीन केले, की गहाण पूर्ण होई. अतिशय सोयीची पद्धत. मात्र दस्तऐवज असले पाहिजेत. झोपडीधारकाजवळ काय होते? जानेवारी १९७६ मध्ये महाराष्ट्र सरकारने झोपडपट्ट्यांची गणना केली आणि त्यांना फोटोपास दिले. त्या पासाने माणूस मोजला गेला, जमीन त्याची झाली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तुर्भे-मानखुर्दची जनता कॉलनी हलविण्यात आली आणि तेथील रहिवाशांना चिता कॅम्पला जावे लागले. त्या लढ्यातून पुढे आलेले जॉकिन अर्पुथम यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभारला. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ साली ते निवर्तले.

जागतिक बँकेच्या साह्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाने ही कोंडी दोन बाजूंनी फोडण्याचा यत्न केला. एकीकडे झोपडपट्टीतील रहिवाशांच्या सहकारी संस्थेला जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची आणि घर सुधारण्यासाठी कर्ज मिळवून द्यायचे. दुसरीकडे चारकोप, गोराई अशा ठिकाणी रस्ते, पाणी व गटारे यांसह लहान भूखंड द्यायचे. आज चारकोपला गेले, तर या दुसऱ्या उपायाचे फळ दिसते. तेथील कुटुंबांनी प्रथम चार भिंती घातल्या, मग पत्र्याच्या जागी स्लॅब आली, मुलगा मिळवता झाल्यावर वरचा मजला चढला. गरिबाचे घर असेच बांधले जाते, वर्षानुवर्षे, हाती पैसा येईल तसे. वीस वर्षांच्या मुदतीचे एकरकमी कर्ज या रीतीला जुळत नाही. तीन वर्षांत फिटणारे लहान कर्ज, आणि ते फिटल्यावर पुन्हा दुसरे, हे तिला जुळते. वस्ती-सुधारणेची पहिली बाजू मात्र उद्दिष्टाच्या मानाने फारच थोड्या कुटुंबांपर्यंत पोहोचली.

भायखळ्याच्या पदपथावर

याच १९८५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने म्हटले. परंतु रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्याची मुभाही महापालिकेला दिली. भायखळा, नागपाडा भागातील पदपथांवर राहणाऱ्या बायकांत तेव्हा ‘स्पार्क’ ही संस्था काम करीत होती. १९८४ साली शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्थापन केली होती. घरे तोडली जाण्याच्या भीतीत या लोकांनी आपली स्वतःची गणना केली आणि सुमारे ६ हजार कुटुंबांची माहिती जगापुढे ठेवली. १९८६ साली या बायकांनी ‘महिला मिलन’ ही आपली संघटना बांधली.

त्यांचे काम बचतीपासून सुरू झाले. वस्तीतलीच एक बाई रोज दारोदार फिरून रुपया, दोन रुपये, जे निघेल ते गोळा करी. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनी जमेची खूण म्हणून निरनिराळ्या रंगांचे कागदाचे तुकडे वापरले. आजारपण, रेशन, नवऱ्याची गेलेली रोजी यांसाठी त्यातूनच कर्ज मिळे. घरासाठीची बचत निराळी ठेवली जाई. रोज दारात जाणाऱ्या बाईला कोणाच्या चुलीवर आज काय शिजले, हे दिसते. हप्ता चुकला तर तो आळसाने चुकला की अडचणीने, हे तिला विचारावे लागत नाही. बँकेच्या भाषेत यालाच पतपडताळणी म्हणतात.

पुढे त्यांनी घराचा आराखडाही आपणच केला. मापे साड्यांच्या लांबीने घेतली. बांबू आणि कापडाचा पूर्णाकृती नमुना उभा करून लोकांना दाखविला. १४ फूट उंचीची खोली आणि तिच्यात पोटमाळा, ही त्यांची कल्पना. कमी जागेत, कमी खर्चात दोन पिढ्यांना आडोसा मिळावा, हा तिचा हेतू.

बचत झाली, आराखडा झाला, तरी कर्ज सहज मिळाले नाही. धारावीतील मार्कंडेय सहकारी संस्थेच्या इमारतीसाठी हुडकोचे कर्ज घेताना बाहेरची हमी लागली. ती ‘सेलाविप’ या निधीने दिली. चिलीमध्ये बेघरांसाठी आयुष्य वेचलेले बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू फादर जोस व्हान डेर रेस्ट यांनी हा निधी उभा केला होता. पुढे धारावीच्याच राजीव-इंदिरा संस्थेच्या बांधकामाला सिटीबँकेने कर्ज दिले, तेव्हा होमलेस इंटरनॅशनल ही ब्रिटिश संस्था जामीन राहिली. या अनुभवावरून २००२ साली अशा प्रकल्पांना हमी व भांडवल पुरविणारी खास योजना आखली गेली. सात समुद्रांपलीकडच्या जामिनाची सही बँकेला पुरली. समोर बसलेल्या बायकांची अनेक वर्षांची बचतवही पुरली नाही. पतीचे गाडे नेमके कोठे अडते, ते येथे स्पष्ट दिसते.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेच्या बायकांनी याहून एक पाऊल पुढे टाकले होते. १९७४ साली सुमारे ४ हजार बायकांनी दहा-दहा रुपये भरून स्वतःची सहकारी बँकच काढली. छप्पर बदलणे, संडास बांधणे, नळ घेणे यांसाठी ती कर्जे देत आली. ‘परिवर्तन’ योजनेत महापालिकेने वस्त्यांत सोयी पुरविताना प्रत्येक कुटुंबाकडून दोन हजारांचा वाटा मागितला, तेव्हा ज्यांना तो एकदम भरता येईना, त्यांना या बँकेने कर्ज दिले. बँक त्यांचीच असल्यामुळे परक्या जामिनाची गरज पडली नाही.

फुकट घर आणि स्वस्त व्याज

१९९५ नंतर महाराष्ट्राने वेगळी दिशा घेतली. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीधारकांना फुकट घर देण्याची योजना आली. ही मुदत पुढे वाढत गेली. बिल्डरने त्याच जमिनीवर जादा इमारत बांधून विकायची आणि तिच्या नफ्यातून झोपडीधारकाला घर द्यायचे. यात कर्जाचा प्रश्नच मिटला, असे वाटले. ज्यांना घरे मिळाली, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु जेथे जमिनीला भाव नाही, तेथे बिल्डर फिरकत नाही, आणि ज्याचा पुरावा अपुरा, तो यादीबाहेर राहतो. कागदाचे राज्य येथेही संपले नाही. केवळ गहाणखताच्या जागी मुदतीपूर्वीचा दाखला आला. माझ्या कार्यालयात स्नानसंस्काराचे दाखले मागणाऱ्यांची रीघ लागली, ती याच काळात.

केंद्राने व्याजावर भर दिला. २००८ च्या अखेरीस शहरी गरिबांना १ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ५ टक्के व्याजसवलत देणारी योजना आली. तिला प्रतिसाद अल्प मिळाला. २०१२ साली अल्प उत्पन्न गटाच्या कर्जांसाठी हमी-निधी स्थापन झाला. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के सवलत होती. या गटासाठी ती मार्च २०२२ पर्यंत चालली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ४ टक्के सवलत आहे. या सवलती खऱ्या आहेत आणि ज्यांना मिळाल्या, त्यांचा हप्ता हलका झाला. पण ज्याला मुळात कर्जच मंजूर होत नाही, त्याला व्याजाची सवलत कशी मिळणार?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत पगाराच्या दाखल्यावाचून कर्ज देणाऱ्या काही वित्तसंस्था निघाल्या आहेत. त्यांचा माणूस भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभा राहून त्याचा दिवसाचा गल्ला पाहतो, रिक्षावाल्याच्या फेऱ्या मोजतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. व्याज बँकेपेक्षा बरेच अधिक पडते आणि परवडणारे घर विरार-नालासोपारा, बदलापूर, बोईसरच्या पलीकडेच सापडते. तरीही ही रीत मला ओळखीची वाटते. तालमकींच्या सभासदांना आणि भायखळ्याच्या बायकांना जे परिचयातून कळत होते, तेच हा माणूस पगारी नोकर म्हणून कळून घेत आहे. फरक असा की, तेथे जे ऋणको होते तेच धनकोही होते, आणि म्हणून नफा व सबुरी दोन्ही त्यांच्यातच राहत.

आता त्या रंगारी गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. बावीस वर्षांच्या भिशीचा पुरावा कोणत्या कागदावर दाखवावा? आपल्याकडे शतकापूर्वी स्थापन झालेल्या पतसंस्था आहेत, सहकारी बँका आहेत, धर्मग्रामांत बचतगट आहेत. ज्या माणसाने आपल्याच वस्तीत वर्षानुवर्षे हप्ते भरले, त्याची बचतवही हाच पुरावा मानावा आणि लहान, लवकर फिटणारी कर्जे त्या आधारे द्यावीत, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही. अशा गटाच्या कर्जाला आपल्या एखाद्या संस्थेने जामीन राहावे. सेलाविपने परक्या देशातल्या मार्कंडेय संस्थेसाठी हेच केले होते. आणि तो गट आपल्याच समाजाचा असावा, अशी अट १९१८ साली स्वाभाविक वाटली असेल. आज ती घालू नये.

ते गृहस्थ त्यानंतर भेटले नाहीत. त्यांच्या मुलाच्या स्नानसंस्काराची नोंद त्या वहीत अजून आहे. बाप वस्तीत किती वर्षे राहिला, एवढे ती सांगू शकते. त्याने शब्द किती वर्षे पाळला, हे त्याच्या भिशीतल्या माणसांना ठाऊक आहे. कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन विचारले पाहिजे.